मांडलिक कोणाला म्हणता, साहेब?



म्हैसूरला एनसीसीत पोस्टिंग येऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून गावाकडचे पाहुणे, जुने सोबती, बायकोच्या माहेरची माणसं अशी रांग लागलेली असते. सगळ्यांना राजवाडा बघायचा असतो. रविवारी संध्याकाळी दिवे लागले की तोंडं उघडी राहतात. आणि मग चहा घेताना कोणी तरी हमखास ते वाक्य टाकतो: ‘काय थाट, पण शेवटी इंग्रजांचे मांडलिकच ना!’ मागच्या महिन्यात आमच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर एका निवृत्त सुभेदार मेजर साहेबांनी हेच जरा तिखट करून लिहिलं. आपण लढलो, ते शरण गेले. म्हणून त्यांचे राजवाडे शाबूत आणि आपल्याकडे पडके बुरूज. खाली चाळीसेक अंगठे आणि भगवे झेंडे.

साहेबांचा मान राखून सांगतो, हे वाक्य खोटं आहे. अर्धवट खरं वगैरे नाही, खोटं. आणि ते आपण एकमेकांना इतक्या वेळा ऐकवलंय की आता कोणी कागद उघडून बघतच नाही.

तर आधी कागद बघू. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला. ३० जूनला कंपनीनं वडियार घराण्यातल्या एका मुलाला म्हैसूरच्या गादीवर बसवलं. हा तिसरा कृष्णराज, वय वर्षं पाच. ८ जुलैला त्याच्या नावानं तह झाला. पाच वर्षांचं पोर कोणाला शरण जाणार? आमच्या सोसायटीत त्या वयाची मुलं अजून बुटाची नाडी आईकडून बांधून घेतात. सह्या-शिक्के मोठ्यांचे होते, आणि कारभार हाती घेणारा दिवाण पूर्णय्या हा तर हैदर आणि टिपू दोघांच्याही चाकरीत मुरलेला माणूस.

तहातली कलमं फौजी माणसानं एकदा तरी वाचावीत. कंपनीची फौज म्हैसूरच्या ‘रक्षणाला’ राहणार. तिच्या खर्चापोटी म्हैसूरनं वर्षाला ७ लाख स्टार पगोडा द्यायचे. पगोडा म्हणजे आपला होन. रुपयांत हा आकडा साडेचोवीस लाखांच्या घरात जातो. देणं बारा महिन्यांच्या बारा हप्त्यांत. लढाई लागली तर वर जास्तीचं. परराज्याशी पत्रव्यवहार करायचा तर कंपनीला विचारून. आणि गव्हर्नर जनरलला वाटलं की पैसे थकण्याची शक्यता आहे, तर तो राज्याचा काही भाग किंवा सगळं राज्य ताब्यात घेऊ शकतो. थकले तर नव्हे, थकतील असं वाटलं तर. राज्य गेलंच तर राजाला पोटापुरतं काय, तर वर्षाला १ लाख पगोडा आणि निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा.

हे आकडे लक्षात ठेवा, कारण आता मी आपल्या घरात शिरणार आहे.

त्याच १७९९ साली तंजावरात दुसरे सरफोजीराजे भोसले गादीवर होते. शहाजीराजांच्या वंशातले, मराठी बोलणारे, आपलेच. ऑक्टोबरात त्यांचाही तह झाला. राज्याचा कारभार कंपनीकडे, राजाकडे किल्ला आणि वार्षिक नेमणूक. ती किती? १ लाख पगोडा आणि निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. आकडे तेच, कारण कारकून त्याच कचेरीतले. म्हैसूरच्या राजाकडे निदान राज्य तरी शिल्लक होतं, तंजावरकडे तेही नव्हतं. पण सरस्वती महाल ग्रंथालय दाखवताना आपण सरफोजींना मांडलिक म्हणतो का? नाही. विद्वान म्हणतो, रसिक म्हणतो. ते होतेच. मग ‘श्रीतत्त्वनिधी’सारखा ग्रंथ करवून घेणारा कृष्णराज फक्त मांडलिक कसा?

आता पुण्याला या. म्हैसूरच्या तहाला साडेतीन वर्षंही झाली नव्हती. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईत दुसऱ्या बाजीरावानं तैनाती फौजेचा तह केला. सहा हजार पायदळ, आणि त्याच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. म्हैसूरचे साडेचोवीस, पुण्याचे सव्वीस. म्हैसूरच्या पोराला कोणी विचारलं नव्हतं. बाजीराव सत्तावीस वर्षांचा होता आणि आपल्या पायानं वसईला गेला होता, होळकरांपासून वाचायला.

आणि सातारा. हे लिहिताना हात जड होतो, कारण माझं गाव त्या जिल्ह्यातलं. १८१८ च्या फेब्रुवारीत आष्टीला बापू गोखले पडले, प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले आणि एप्रिलमध्ये इंग्रजांनीच त्यांना गादीवर बसवलं. २५ सप्टेंबर १८१९ चा तह काढून म्हैसूरच्या तहाशेजारी ठेवा. इंग्रज सरकारच्या आधीन राहून राज्य करायचं, फौज वाढवायची-घटवायची तर परवानगी, बाहेर पत्रव्यवहार बंद, रेसिडेंटच्या सल्ल्यानं चालायचं. रेसिडेंट होता ग्रँट डफ, आपला इतिहास लिहिणारा. महाराजांनी साताऱ्यात रस्ते बांधले, पाणी आणलं, शाळा काढली. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला धाडलं. आरोपांत एक मोठा आरोप काय होता? गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान. म्हणजे पत्रव्यवहाराचंच कलम. त्यांचे वकील रंगो बापूजी विलायतेत तेरा-चौदा वर्षं दारोदार फिरले आणि रिकाम्या हातानं परतले.

प्रतापसिंह महाराजांना आपण अन्याय झालेला राजा म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. म्हैसूरच्या कृष्णराजाचं काय झालं? १८३१ मध्ये बेंटिंकनं त्याचं राज्य ताब्यात घेतलं. पुढे बेंटिंकनं स्वतःच मान्य केलं की फौजेचा पैसा लगेच धोक्यात होता असं काही दिसत नव्हतं. तरी राज्य परत मिळालं नाही. राजा १८६८ पर्यंत जगला. छत्तीस-सदतीस वर्षं अर्ज, विनंत्या, खलिते. एक साताऱ्याहून लंडनपर्यंत दाद मागतो, दुसरा म्हैसूरच्या राजवाड्यातून. एकाचा पुतळा आणि दुसऱ्याची टिंगल, हे माप कुठल्या दुकानातलं?

साहेब म्हणतील, पण आम्ही लढलो की! लढलो. कोण कोणाविरुद्ध लढलं ते मात्र नीट बघा. माझ्या रेजिमेंटच्या जुन्या पलटणींच्या युद्धसन्मानांत ‘सिदासिर’ आणि ‘सेरिंगापटम’ ही नावं आहेत. १७९९ ला कोडगूच्या बाजूनं म्हैसूरवर चालून आलेल्या मुंबईच्या फौजेत आपले शिपाई होते. (स्वतंत्र भारतानं असे सन्मान साजरे करायचे नाहीत असं ठरवलं, ते बरं केलं.) पुणे दरबारालाही त्या जिंकलेल्या मुलखात वाटा देऊ केला होता. अटी पटल्या नाहीत म्हणून तो निजाम आणि कंपनीनं आपसात वाटून घेतला.

उलट बाजू तितकीच कडू. २३ सप्टेंबर १८०३, असई. शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेविरुद्ध आर्थर वेलस्ली. त्याच्या बरोबर म्हैसूरचं शिलेदार घोडदळ होतं, बिश्नप्पा पंडिताच्या हाताखाली. आणि त्याच बाजूला आणखी कोण? पेशव्यांचं घोडदळ. मराठ्यांच्या तोफांसमोर मराठा पेशव्यांचे स्वार आणि म्हैसूरच्या मांडलिक राजाचे स्वार, दोघे एका रांगेत. त्या दिवशी पुणे आणि म्हैसूर यांच्यात फरक कुठला, ते साहेबांनी मला ग्रुपवर लिहून सांगावं. १८१७ ला महिदपूरला होळकरांविरुद्धही म्हैसूरचे स्वार होतेच. १८०७ मध्ये करार वाढवून म्हैसूरवर ४,००० स्वार कायम बाळगायची सक्ती घातली होती, त्यांतलेच हे.

शिलेदार हा शब्द इथं मला फार बोचतो. आपल्या जुन्या फौजेत दोन जातीचे स्वार. बारगिराला घोडा सरकारचा. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचं, म्हणून त्याचा तोरा. कंपनीनं अख्खं राज्यच शिलेदार करून टाकलं. घोडा तुझा, दाणावैरण तुझी, स्वार तुझा, मेला तर विधवा तुझी. लगाम आमच्या हातात. मांडलिक या शब्दाचा मला कळलेला अर्थ एवढाच आहे. गादी, छत्र, चवऱ्या, अंबारी यांतलं काहीही त्यात येत नाही. पगार कोण देतो आणि हुकूम कोण देतो, ही दोन नावं वेगळी निघाली की राजा मांडलिक. शूर आहे का भित्रा आहे, हा प्रश्नच वेगळा.

आणि हो, हा धंदा इंग्रजांनी शोधून काढला असंही समजू नका. चौथ आपणही घ्यायचो. १७८७ च्या गजेंद्रगडच्या तहात टिपूकडून ४८ लाखांची खंडणी ठरवून घेतली, ती आपण विजय म्हणून शिकवतो. म्हैसूरच्या शेतकऱ्याला त्या ४८ लाखांत आणि नंतरच्या साडेचोवीस लाखांत काय वेगळं वाटलं असेल?

मांडलिकाची अडचण मला पहिल्यांदा कळली ती इथं नाही, मणिपूरला. इम्फाळच्या पोस्टिंगमध्ये असताना तिथल्या लोकांकडून ‘चही तरेत खुंताकपा’ हे शब्द ऐकले. सात वर्षांची उजाडणी, १८१९ ते १८२६. त्याच्या मागची कथा मैतेई राजा मर्जितसिंहाची. भावांच्या भांडणात त्यानं ब्रह्मदेशाच्या आवा दरबाराची मदत घेतली आणि १८१३ मध्ये त्यांचा मांडलिक म्हणून गादीवर बसला. बदल्यात कबो खोरं सोडलं. १८१९ ला आव्याला नवा राजा बग्यिदॉ आला, त्याच्या राज्याभिषेकाला हजेरी लावायचा हुकूम आला आणि मर्जित गेला नाही. एवढंच. ब्रह्मी फौज आली, राजा काछारला पळाला, आणि सात वर्षं मणिपूरची माणसं कापली गेली, हाकलली गेली, गुलाम म्हणून नेली गेली. दसऱ्याच्या दरबाराला गैरहजर राहिलेल्या सरदाराची शिक्षा त्याच्या गावाला मिळावी, तसं.

पुढे गंभीरसिंहानं इंग्रजांकडून हत्यारं घेऊन पाचशे माणसांची लेव्ही उभी केली आणि ब्रह्मी फौज हटवली, अगदी कबो खोऱ्यापर्यंत. २४ फेब्रुवारी १८२६ ला यांदाबूचा तह झाला. आता तो सुटला असं वाटेल. १८३४ मध्ये इंग्रजांनी तेच कबो खोरं ब्रह्मदेशाला देऊन टाकलं आणि मणिपूरला महिना ५०० सिक्का रुपये भरपाई लावून दिली. ज्यांनी रक्त सांडून जिंकलं त्यांना विचारलं नाही. पहिला धनी कडक होता, दुसरा हिशेबी. मैतेई माणसाला मर्जित भित्रा होता का, असं विचारलं तर तो आधी तुमच्याकडे बघतो आणि मग विषय बदलतो. आपण म्हैसूरच्या माणसाला हे तोंडावर विचारतो.

इथवर वाचून इकडच्या मित्रांना आनंद झाला असेल. थोडं थांबा, तुमच्यासाठीही आहे.

म्हैसूरमध्ये दुसरं एक वाक्य चालतं: राजांच्या काळी सोनं होतं. आदर्श संस्थान. मी ते नाकारत नाही. १८८१ मध्ये प्रतिनिधी सभा भरली. १९०२ ला शिवनसमुद्रची वीज कोलारच्या खाणींना पोचली. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेला ३७१ एकर जमीन दिली, कृष्णराजसागर बांधलं, १९१६ ला विद्यापीठ काढलं. विश्वेश्वरय्यांचं नाव ऐकून मी आजही सरळ बसतो. आपल्या शाहू महाराजांनी आणि सयाजीरावांनीही मांडलिक असतानाच अशी कामं केली, त्यामुळे या मुद्द्याची ताकद मला ठाऊक आहे.

पण तैनाती फौज कशासाठी होती ते विसरू नका. १७९९ नंतर म्हैसूरवर कोण चालून येणार होतं? टिपू गेला, निजाम कंपनीच्या खिशात, पेशवा साडेतीन वर्षांत त्याच खिशात. ज्या शत्रूपासून रक्षण करायचं तो उरलाच नव्हता. फौज मात्र राहिली आणि हप्ते चालू राहिले. मग ती वापरली कुठे? १८३०–३१ मध्ये नगर भागातले शेतकरी साऱ्याच्या जाचाला कंटाळून उठले. बूदी बसवप्पा नावाचा एकजण आपण जुन्या नगर घराण्याचे वारस म्हणून पुढे आला. राजाला आपल्या बळावर ते आवरेना, कंपनीच्या पलटणी आल्या. शेतकऱ्यांनी भरलेल्या साऱ्यातून पोसलेली फौज शेतकऱ्यांवरच फिरली, आणि तेच निमित्त करून कंपनीनं राज्य घेतलं. राजा आणि रयत दोघंही एका दगडात.

हाच या व्यवस्थेचा गाभा आहे. पाठीशी दुसऱ्याची बंदूक असलेल्या राजाला प्रजेला विचारायची गरज उरत नाही. चांगला राजा असेल तर धरण बांधतो, वाईट असेल तर उधळतो. दोन्ही वेळा प्रजेच्या हातात काही नसतं. प्रतिनिधी सभा निवेदनं द्यायची, निर्णय दिवाण घ्यायचा. १९३८ च्या एप्रिलमध्ये विदुराश्वत्थला झेंड्यासाठी जमलेल्या लोकांवर संस्थानच्या पोलिसांनी गोळ्या घातल्या, त्या काही विलायतेहून आलेल्या शिपायांनी नाही. देश स्वतंत्र झाल्यावरही म्हैसूरच्या लोकांना जबाबदार सरकारसाठी ‘म्हैसूर चलो’ करावं लागलं, तेव्हा कुठे ऑक्टोबर १९४७ मध्ये के. सी. रेड्डींचं मंत्रिमंडळ आलं. आदर्श संस्थानात हे का करावं लागलं, याचं उत्तर इकडच्या मित्रांनी द्यावं.

१८८१ ला राज्य परत दिलं तेव्हाची सनदही बघण्यासारखी आहे. खंडणी साडेचोवीस लाखांवरून ३५ लाखांवर. वाढीव रक्कम पुढे काही वर्षांनी सुरू झाली आणि १९२८ ला पुन्हा कमी झाली, पण कलम ते कलम. नवा किल्ला बांधायचा नाही, जुना दुरुस्त करायचा नाही, हत्यारं आणायची नाहीत, फौज इंग्रज ठरवतील तेवढीच. बंगळुरूची छावणी इंग्रजांकडे. ती परत मिळाली २६ जुलै १९४७ ला, म्हणजे इंग्रज जायला तीन आठवडे उरले तेव्हा. आपण ज्याचे फोटो काढतो तो राजवाडा १८९७ च्या आगीनंतर उभा राहायला लागला आणि १९१२ ला पुरा झाला. किल्ला दुरुस्त करायची मनाई, राजवाडा हवा तेवढा मोठा बांधा. साहेबांना जो ‘शाबूत’ दिसला तो हा. शरण गेल्याचं बक्षीस म्हणून तो मिळालेला नाही. राजाला काय काय करता येत नव्हतं, त्यातून उरलेल्या जागेत तो उभा आहे.

आता हैफा. माजी सैनिकांना हा मुद्दा जिव्हाळ्याचा, मलाही. १९१८ मध्ये म्हैसूर लान्सर्स आणि जोधपूर लान्सर्सनी भाले आणि घोडे घेऊन हैफा घेतलं, समोर तोफा आणि मशीनगन. कार्मेल डोंगराच्या चढणीवर म्हैसूरचे स्वार होते. दिल्लीच्या तीन मूर्तींतली एक मूर्ती म्हैसूरची. बंगळुरूत त्यांचं स्मारक आहे, मी तिथं जाऊन सॅल्यूट केलाय. या स्वारांचा वारसा पुढे ६१ कॅव्हलरीत आला. त्यांच्या धैर्यावर कोणी बोट ठेवलं तर मी भांडेन.

पण त्या इंपीरियल सर्व्हिस पलटणींचा पगार म्हैसूरचा खजिना देत होता आणि हुकूम इंग्रज ब्रिगेडियर. १७९९ चं कलम ११९ वर्षांनी पॅलेस्टाईनच्या डोंगरावर चालू होतं. कोणत्या लढाईला माणसं पाठवायची हे म्हैसूरमध्ये ठरलं नाही. तुर्कांशी म्हैसूरच्या धनगराचं, ओक्कलिग्याचं, मुसलमान स्वाराचं भांडण काय होतं? स्वाराचं शौर्य त्याचंच राहतं. महाराजांनी देशासाठी पाठवले, असं जे ग्रुपवर फिरतं, ते मात्र खोटं आहे. कुठल्या देशासाठी?

हैफा आणि असई, दोन्हीची तारीख एकच आहे. २३ सप्टेंबर. एका दिवशी म्हैसूरचे स्वार मराठ्यांच्या तोफांसमोर उभे होते, ११५ वर्षांनी त्याच दिवशी तुर्कांच्या. दोन्ही वेळा घोडे म्हैसूरचे. साहेब दरवर्षी हैफाचा फोटो टाकतात, या वर्षीही टाकतील. यंदा त्याखाली असईचंही लिहा, आणि पेशव्यांचे स्वार कुठल्या बाजूला होते तेही. अंगठे किती पडतात ते मी मोजतो.